‘गॅप’ नावाचा शिक्का

मंडळी, गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे, मग आंबे... असो. आज मात्र जरा भांडायचंच ठरवून बसले आहे. नातेवाईक मंडळींनी आधीच सांगून ठेवते, यातलं काही आपल्या घराबद्दल आहे. रागावलात तर फोन करा, पण आधी पूर्ण वाचा.

भांडण आहे एका शब्दाशी. ‘गॅप’. मुलं लहान असताना एखादी बाई पाच-दहा वर्षं घरी थांबली की तिच्या अर्जावर हा शब्द चिकटतो. ‘तुमच्या करिअरमध्ये गॅप आहे.’ गॅप म्हणजे फट, मोकळी जागा. म्हणजे तिथे काहीच नव्हतं! दोन जीव वाढवले, एका आजारी सासऱ्याचं केलं, घरातल्या प्रत्येकाची वेळ सांभाळली, आणि कागदावर त्याची नोंद काय, तर पोकळी. मराठीत यासाठी वेगळा शब्द नव्हता तेच बरं होतं असं मला वाटू लागलं आहे.

हा नुसता शब्दाचा कीस नाही. आपल्या देशाच्या २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना ‘काम न करणारे’ या गटात टाकलं होतं, आणि त्याच गटात भिकारी, वेश्या आणि कैदी होते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या खटल्यात यावर कडक शब्दांत नाराजी नोंदवली. म्हणजे घरच्या बाईच्या कामाची किंमत किती, हा प्रश्न न्यायालयापुढे आला तो ती गेल्यावर, भरपाई ठरवताना! जिवंतपणी विचारायची पद्धत नाही.

आता आकडे बघा. केंद्र सरकारने २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या ज्या बायका घरकाम करतात त्या दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात. करणारे पुरुष ८८ मिनिटं. मुलाबाळांचं, म्हाताऱ्यांचं करण्यात बायकांची १३७ मिनिटं जातात, पुरुषांची ७५. गणिताच्या बाई नव्हते मी, मराठी शिकवायचे; पण ही बेरीज मलाही येते. बाईचे सात तासांच्या वर होतात. शाळेची वेळ साडेपाच-सहा तासांची असते. आणि म्हणे गॅप!

हे सगळं उफाळून आलं ते माझ्या भाचीमुळे. (तिला विचारून लिहिते आहे. नाव घालू नकोस म्हणाली, घालत नाही.) ती आज ४१ वर्षांची आहे. बी.एस्सी., बी.एड. सहा वर्षं पुण्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती. पहिल्या मुलाच्या वेळी तिने नोकरी सोडली, मग दुसरी मुलगी झाली. आता धाकटी चौथीत आहे, आणि भाचीला परत शिकवायचं आहे. तिच्या हातात पोरं वळतात हे मी स्वतः तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पाहिलं आहे. तेव्हा भाची म्हणून हे बोलत नाही, तीस-एक वर्षांखालच्या शिक्षिका पारखलेली बाई म्हणून बोलते आहे.

तर तिचा रस्ता कुठे कुठे अडतो ते बघा.

पहिली अडचण वयाची. राज्य सरकारी नोकरीची खुल्या वर्गाची वयोमर्यादा २०१६ साली ३३ वरून ३८ केली, मागासवर्गीयांसाठी ती ४३ झाली. वाढवली हे चांगलंच. पण हिशोब करा. बाईचं लग्न पंचविशी-सव्विशीत, दोन मुलं तिशी-बत्तिशीपर्यंत, धाकटं मूल पाचवीपर्यंत पोचलं की ती चाळिशीत. म्हणजे ज्या दिवशी तिला सवड होते त्याच्या आधीच दार बंद झालेलं असतं. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं आहे. खुल्या वर्गातली एखादी सदतिसाव्या वर्षी हौसेने प्रवेश घेईल, फी भरेल, पाठ देईल, आणि पास होऊन बाहेर पडेल तेव्हा तिचं वय उलटलेलं असेल. फी घेताना कोणी वय विचारत नाही, हेही लक्षात ठेवा.

दुसरी अडचण टीईटीची. २०१० साली शिक्षक पात्रता परीक्षेचा नियम आला, महाराष्ट्रात पहिली परीक्षा डिसेंबर २०१३ मध्ये झाली. त्या प्रमाणपत्राला मुदत होती सात वर्षांची. सात वर्षं! मूल जन्मापासून पहिली-दुसरीत जाईपर्यंत जेवढा काळ लागतो, बरोबर तेवढी. माझ्या भाचीने २०१४ ची परीक्षा दिली ती मुलगा अंगावर पीत असताना. परीक्षा केंद्राबाहेर तिची आई बाळाला घेऊन झाडाखाली बसली होती. ते प्रमाणपत्र तिने फाईलमध्ये जपून ठेवलं, आणि दरवर्षी एक एक वर्ष कमी होताना बघत बसली. २०२१ साली केंद्राने ही मुदत काढून ते आजीवन केलं, आणि तेही २०११ पासून मागे लागू केलं. फार चांगलं झालं. पण दहा वर्षं हा नियम होता, आणि तो करताना टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की सात वर्षांत बाईच्या आयुष्यात काय काय होतं?

तिसरी अडचण पगाराची. सरकारी दार बंद म्हणून ती एका खाजगी शाळेत मुलाखतीला गेली. शाळेचं नाव सांगत नाही, अशा पुष्कळ आहेत. नमुना पाठ घेतला, तो आवडला. मग प्रश्न आला, ‘एवढी गॅप कशी?’ आणि देकार आला नव्याने लागणाऱ्या मुलीच्या पगाराचा, बारा हजार. सहा वर्षांचा अनुभव कुठे गेला? तर गॅपमध्ये पडला. रिक्षा, धाकटीचं शाळेनंतरचं पाळणाघर आणि दुपारचा डबा यांचा हिशोब केला तर हातात राहतात जेमतेम चार-साडेचार हजार. बरं, सरकारी बाजूला तरी काय? तिथे आधी तीन वर्षं ‘शिक्षणसेवक’. जानेवारी २०२३ मध्ये मानधन वाढलं तरी प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,०००. २३ वर्षांच्या मुलीला हे कसंबसं चालतं, घर चालवणाऱ्या बाईला नाही.

आणि चौथी अडचण... कोर्स!

यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण सल्ला देणारे सगळे इथेच येऊन थांबतात. ‘अगं, एखादा कोर्स कर ना!’ भाचीने केले. फोनिक्सचा केला, अबॅकसचा केला, बालशिक्षणाचा ऑनलाईन पदविकेचा केला. तीन सर्टिफिकेटं, तिन्हींवर सोनेरी किनार, तिन्हींची फी आगाऊ. तिला नोकरी एकानेही दिली नाही. एका ठिकाणी मात्र सांगितलं की आणखी पैसे भरून आमची शाखाच घरात काढा! परत कामावर येऊ पाहणाऱ्या बाईच्या मनात आधीच धाकधूक असते की मला आता जमेल का. त्या भीतीवर हे दुकान चालतं. आजाऱ्याला औषध द्यायचं सोडून रोज नवी तपासणी सांगणाऱ्यांसारखं आहे हे.

गैरसमज नको. नव्याने शिकायला माझा विरोध नाही, उलट आग्रह आहे. दहा वर्षांत शाळा बदलते. पाठ्यपुस्तकं बदलली, मूल्यमापन बदललं, वर्गात पडदे आले, २०२० चं नवं शैक्षणिक धोरण आलं. दहा वर्षांनी येणाऱ्या बाईने सोमवारी खडू घेऊन थेट वर्गात जावं असं मी म्हणणार नाही. पण ते शिक्षण तीन महिन्यांचं असावं, गावाजवळ असावं, निम्मं तरी प्रत्यक्ष शाळेत अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली असावं, आणि त्याच्या शेवटी वर्ग मिळावा. शेवटी वर्ग नसेल तर त्याला प्रशिक्षण का म्हणायचं?

इथे एक ताजं उदाहरण देते. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या जुन्या शिक्षकांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं. त्या निकालावरून शिक्षकांत मोठी खळबळ झाली. तो बरोबर की चूक हा आजचा विषय नाही. मला त्यात एवढंच दिसतं की वीस-वीस वर्षं एकही दिवस खंड न पडता शिकवणाऱ्यांनाही नव्याने परीक्षा द्यावी लागते आहे. म्हणजे जुनं होणं हा काही घरी बसलेल्या बाईचा खास रोग नाही! आणि या शिक्षकांना निदान मुदत तरी मिळाली, दोन वर्षं नोकरीत राहून अभ्यास करायची. हीच सवलत परत येणाऱ्या बाईला का नको? आधी कामावर घ्या, वर्षभरात अमुक परीक्षा दे म्हणून सांगा. देईल ती. रात्री पोरं झोपल्यावर अभ्यास करायची तिला सवय असते.

माझंच सांगते. मी १९७३ ला बी.ए. झाले, मराठी माध्यमातून, मराठी विषय घेऊन. पुढच्या वर्षी लग्न, मग दोन मुलं. १९८१ मध्ये, म्हणजे पदवीनंतर आठ वर्षांनी, बी.एड.ला प्रवेश घेतला. धाकटा तीन वर्षांचा होता. तेव्हा बी.एड. एका वर्षाचं असायचं. सकाळची पहिली एस.टी., जिल्ह्याच्या गावी सूक्ष्म पाठ, सराव पाठ, संध्याकाळी परत येऊन दुसऱ्या दिवशीचं टाचण आणि पुठ्ठ्याचे तक्ते. मुलं सासूबाईंनी सांभाळली. फी आमच्या ऐपतीत होती. जून १९८२ ला शाळेत लागले. मुलाखतीत मुख्याध्यापकांनी नववीच्या वर्गावर उभं केलं, वीस मिनिटं मागे बसून ऐकलं, आणि म्हणाले, ‘सोमवारपासून या.’ आठ वर्षं काय केलंत, असं त्यांनी विचारलं नाही. पुढे २०१० पर्यंत मी शिकवलं. माझ्यात काही विशेष होतं म्हणून हे झालं नाही. वर्ष एकच लागलं, घरात मुलांना बघणारं माणूस होतं, आणि शेवटी नोकरी होती. या तीन गोष्टी ज्या बाईला मिळतील ती परत येईल. आजच्या सुनांना तिन्ही मिळत नाहीत, आणि वर आपण त्यांना सांगतो की जिद्द पाहिजे!

या तीन गोष्टी आपल्याच लोकांना शंभर वर्षांपूर्वी कळल्या होत्या. रमाबाई रानड्यांचं पुण्याचं सेवासदन १९०९ चं. तिथे बायकांना परिचारिका आणि शिक्षिका म्हणून तयार करत, नुसती शिकवणी घेत नसत. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये आश्रम काढला तो राहण्या-जेवणासकट. पार्वतीबाई आठवले तिथल्याच. विधवा, पदरी लहान मुलगा, आणि शिक्षणाला सुरुवात पंचविशीनंतर. पुढे त्या संस्थेसाठी निधी गोळा करत हिंडल्या, अमेरिकेपर्यंत गेल्या. त्यांना कोणी गॅप विचारली असती तर काय उत्तर दिलं असतं कोण जाणे.

स्वातंत्र्यानंतर हेच सरकारने केलं. दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघालं, आणि १९५८ पासून त्या मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम चालवले. शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांना थोड्या वर्षांत परीक्षेला बसवायचं आणि शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका अशा कामांपर्यंत पोचवायचं. म्हणजे आधी काम कोणतं ते ठरवलं आणि मग त्यासाठी अभ्यासक्रम आखला. आज उलट आहे, आधी कोर्स विकायचा आणि काम ज्याचं त्याने शोधायचं. ते मंडळही २०२२ साली बंद झालं. शास्त्र शिकलेल्या बायकांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये खंडानंतर संशोधनाकडे परतण्याची योजना आणली, ती चांगली. पण आमच्या बी.ए., बी.कॉम., डी.एड. झालेल्या लाखो पोरींनी जायचं कुठे?

आता मला नेहमी ऐकवले जाणारे तीन आक्षेप.

पहिला : ‘तरुण मुलांना नोकऱ्या नाहीत, आणि या बायका कशाला हव्यात रांगेत?’ हा आक्षेप खरा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. राज्यात २०१२ नंतर शिक्षक भरती किती वर्षं रखडली ते डी.एड. झालेल्या पोरांना विचारा. पण जागा भरल्या नाहीत हा दोष भरणाऱ्यांचा की चाळिशीच्या बाईचा? शिवाय आज रांगेत उभी असलेली तेवीस वर्षांची मुलगी बारा वर्षांनी कोण असणार आहे? तीच, दोन मुलांची आई. आजचा नियम तिच्याच उद्यासाठी लिहिला जातो आहे.

दुसरा : ‘नवऱ्याचा पगार चांगला आहे, गरज काय?’ हा आमच्या घरातला आहे, म्हणून नाव न घेता उत्तर देते. गरज पैशाचीही असते. स्वतःच्या नावाचं पेन्शन, स्वतःची शिल्लक, नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर पायाखाली जमीन. आमच्या शाळेत अनुकंपेवर लागायला आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पदवी असून शिपाई म्हणून लागलेल्याही पाहिल्या आहेत, कारण पंधरा वर्षं त्यांना कोणी बाहेर पडू दिलं नव्हतं.

तिसरा : ‘मुलांचं कोण बघणार?’ हा प्रश्न फक्त बाईला विचारला जातो यातच त्याचं उत्तर आहे. ८८ मिनिटं वाढवा की! आणि पाळणाघरं काढा. ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर हवं असा कायदा २०१७ मध्ये झाला, प्रसूती रजाही १२ वरून २६ आठवडे झाली. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. पण ज्यांनी आधीच नोकरी सोडली त्यांना यातलं काहीच लागू नाही, आणि पन्नासच्या आतल्या ठिकाणी काम करणाऱ्यांना पाळणाघर नाही. राज्य सरकारने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. नोकरी टिकवायला सोय होते आहे, हे मान्य. सुटलेली नोकरी परत मिळवायला काय?

आणखी एक. ‘गृहिणी म्हणजे घराची मॅनेजर, तिला सगळंच येतं’ असले गोड लेख आठ मार्चला येतात, तेही मला नकोत. मुलं वाढवली म्हणून कोणी आपोआप विज्ञान शिकवायला लायक होत नाही. मुलं वाढवली म्हणून नालायकही होत नाही. भाचीचं मोजमाप तिच्या वर्गात करा, एवढंच मागणं आहे.

तर मला काय हवं ते सरळ लिहिते, बाईंच्या सवयीप्रमाणे आकडे घालून.

१. प्रत्येक मुलामागे ठराविक वर्षं वयोमर्यादेत सूट. माजी सैनिकांना मिळते, आईला द्यायला काय हरकत आहे?
२. परत येणाऱ्यांचा आधीचा अनुभव पगारात धरावा.
३. जिल्ह्याजिल्ह्यांत तीन महिन्यांचं बिनफीचं उजळणी शिक्षण, प्रत्यक्ष शाळेत, विद्यावेतनासह. शेवटी नेमणूक.
४. अर्धवेळ जागा, पण अर्ध्या पगाराच्या आणि पूर्ण हक्कांच्या. आजच्यासारख्या तासिका तत्त्वावरच्या नकोत, जिथे सुट्टीचा पैसा नाही आणि पुढच्या वर्षाचा भरवसा नाही.
५. शाळा सुटल्यानंतर शाळेतच संध्याकाळी सहापर्यंत मुलांना बसायची, खायची सोय. इमारती रिकाम्याच असतात.

यातलं एकही आकाशातून आणायचं नाही. सगळ्याचे तुकडे इथे-तिथे आहेतच.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. घरच्यांनी मात्र आज ऐकावं. येत्या शनिवारी भाचीची आणखी एक मुलाखत आहे, सकाळी दहाला. त्या दिवशी धाकटीचा डबा, शाळेची रिक्षा आणि दुपारचं जेवण तिच्या नवऱ्याने बघायचं आहे. आणि सासूबाईंनी ‘आता कशाला गं?’ हे वाक्य निदान रविवारपर्यंत राखून ठेवायचं आहे. विहीणबाई, तुम्ही हा ब्लॉग वाचता हे मला ठाऊक आहे.

बाकीच्यांनी आपापल्या घरात बघा, अशी एक तरी फाईल कपाटात ठेवलेली सापडेल. तिच्यातल्या सर्टिफिकेटावरचं वर्ष वाचा, आणि जिचं आहे तिला विचारा, अजून जावंसं वाटतं का. काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.